गोल झालेला बोल्ट कसा सोडवायचा

पाना घसरला की हात आपोआप तोच पाना परत लावतो आणि आधीपेक्षा जोरात ओढतो. तिथेच थांबायचं. पहिल्या घसरण्यात बोल्टचे कोपरे फार तर थोडे चेपतात. डोकं पार गोल होतं ते दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत. षटकोनी डोक्यावर पान्याचा सगळा जोर सहा कोपऱ्यांपाशी येतो. कोपरा अर्धा मिलिमीटर झिजला की पान्याला धरायला तेवढंच कमी उरतं, आणि पुढच्या वेळी तो आणखी लवकर सुटतो.

खाली जे उपाय दिलेत त्यांचा क्रम एका हिशोबाने लावला आहे: आत्ताचा उपाय फसला तरी पुढचा करायला जागा राहिली पाहिजे. लहान गोटी (सॉकेट) ठोकून बसवली आणि ती घसरली, तरी वाइस ग्रिप, म्हणजे आवळून लॉक होणारी पक्कड, लावता येते. ग्रिप घसरली तरी वर नट वेल्ड करता येतो. वेल्ड तुटला तरी ड्रिल मारता येतं. पण ईझी-आऊट, म्हणजे बोल्टमध्ये भोक पाडून आत रुतवायचं कठीण हत्यार, आत तुटून बसला की साधं ड्रिलही चालत नाही. नवखे लोक नेमका तोच सगळ्यात आधी विकत आणतात, कारण दुकानदार तोच हातात ठेवतो.

आधी बघा, गेलंय काय

“बोल्ट स्लिप झाला” असं आपण सरसकट म्हणून टाकतो, पण त्यात तीन वेगवेगळी दुखणी असतात. एक, डोकं गोल झालंय आणि बोल्ट जागच्या जागी जाम आहे. दोन, डोकं शाबूत आहे, पाना नीट बसतोय, बोल्ट फिरतोयही, पण बाहेर येत नाही. म्हणजे आटे गेलेत. तीन, डोकं तुटून पान्याबरोबर हातात आलंय आणि दांडा आत राहिलाय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

दुसऱ्या प्रकाराबद्दल एक सावधगिरी. डिस्क ब्रेकचे पॅड बदलताना कॅलिपरचा (पॅड धरणाऱ्या भागाचा) खालचा बोल्ट सोडायला जावं तर तो नुसताच फिरत राहतो, आणि माणूस आटे गेले म्हणून कपाळाला हात लावतो. पुष्कळदा तिथे काहीच बिघडलेलं नसतं. बोल्ट ज्या गाइड पिनमध्ये शिरलेला असतो ती पिनच बोल्टबरोबर फिरत असते. रबरी बूटच्या शेजारी नीट पाहिलंत तर पिनेच्या मानेवर दोन सपाट बाजू दिसतील. तिथे पातळ, दुतोंडी पाना अडकवून पिन धरून ठेवा आणि बोल्ट सोडा, मुकाट्याने सुटतो. आरपार गेलेल्या बोल्टचंही असंच. पलीकडे नट आहे का आणि तो धरलाय का, हे आधी बघायचं.

दिशाही एकदा तपासून घ्या. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून पाहिलं की घड्याळाच्या उलट दिशेला सुटतो. उभ्याने हे कुणीही सांगेल. गाडीखाली आडवं पडून, वरून खाली घुसलेला बोल्ट दांड्याच्या बाजूने दिसत असला की चांगले जाणतेही चुकतात. जाम बोल्ट उलटा आवळला की जे थोडं वाचलेलं असतं तेही जातं.

जॅकबद्दल दोन वाक्यं, कारण जाम बोल्ट ओढताना गाडी हलते आणि साध्या ऑईल बदलण्यापेक्षा इथे धोका जास्त असतो. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको, आणि विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नकोत. ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. डोळ्यांना चष्मा हवा, कारण गंजाची पापडी पाठीवर झोपलेल्या माणसाच्या डोळ्यातच पडते.

माप चुकलं नव्हतं ना?

बोल्ट गोल होण्याची निम्मी प्रकरणं गंजाची नसतातच, मापाची असतात. मारुती सुझुकी, टोयोटा, होंडा या जपानी वळणाच्या गाड्यांत बोल्टची डोकी साधारण १०, १२, १४, १७ आणि १९ मिलिमीटरची असतात. फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या युरोपीय गाड्यांत १३, १६, १८ भेटतात आणि टॉर्क्सही, म्हणजे चांदणीच्या आकाराची डोकी, भरपूर. जपानी गाडीत एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं सहसा १२ चं असतं, युरोपीय गाडीत त्याच जाडीला १३ चं. घरातल्या डब्यातला १३ चा पाना १२ च्या डोक्यावर बसल्यासारखा वाटतो, थोडा खुळखुळतो, आणि पहिल्याच जोरात कोपरे खाऊन टाकतो. अर्धा इंची पाना म्हणजे १२.७ मिलिमीटर, तोही १२ वर असाच फसवतो.

दुसरी गोष्ट पान्याच्या जातीची. उघड्या तोंडाचा पाना फक्त दोनच बाजू धरतो आणि जोर आला की त्याचा जबडा किंचित उघडतो. रिंग पाना बरा. सगळ्यात बरी सहा कोपऱ्यांची गोटी, म्हणजे सॉकेट. बाजारातल्या बहुतेक सेटमध्ये बारा कोपऱ्यांच्या गोट्या येतात, कारण त्या अडचणीच्या जागी पटकन बसतात. पण त्या कोपऱ्याच्या अगदी टोकाला धरतात. सहा कोपऱ्यांची गोटी कोपऱ्यापासून थोडं आत, सपाट बाजूवर जोर टाकते. म्हणूनच थोडा झिजलेला बोल्टही तिने अनेकदा सुटतो. पूर्ण सेट बदलायची गरज नाही. १०, १२, १४, १७, १९ एवढ्या सहा कोपऱ्यांच्या इम्पॅक्ट गोट्या सुट्या घ्या. नाशिकच्या टपारियाचे पाने जवळपास प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. सुट्या गोट्या आणि एक्स्ट्रॅक्टरसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात नाना पेठेत एक चक्कर मारली तर हाताळून घेता येतं, आणि हत्यार हाताळूनच घ्यावं.

तर पहिली पायरी ही: घसरलेला पाना बाजूला ठेवा, बोल्टचं डोकं तारेच्या ब्रशने लख्ख करा, कोपऱ्यातली माती-गंज खिळ्याने खरवडून काढा आणि बरोबर मापाची सहा कोपऱ्यांची गोटी हलक्या हाताने ठोकून पूर्ण तळापर्यंत बसवा. अर्धवट बसलेली गोटी आणि तिरका धरलेला दांडा, या दोन गोष्टींनी जेवढे बोल्ट मारले असतील तेवढे गंजानेही मारले नसतील.

गंजाला वेळ द्या

लोखंड गंजतं तेव्हा त्याची जागा वाढते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट असतं. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत हा फुगलेला गंज पाचरीसारखा दाटून बसतो. रत्नागिरी, मालवण, वसई अशा खाऱ्या हवेतल्या गाड्यांचे सायलेन्सरचे बोल्ट चार-पाच वर्षांत एकजीव होतात ते यामुळे. ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट असेल तर आणखी भर. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल, की ॲल्युमिनियम झिजून पांढरी पूड तयार होते आणि तीच बोल्टला धरून ठेवते.

भेदक तेल मारायचं ते यासाठी. डब्ल्यूडी-४० सगळ्यांकडे असतं, पण ते मुळात ओल हटवायला बनलेलं आहे. खास गंज सोडवणारा स्प्रे मिळाला तर तो घ्या. काहीच नसेल तर डिझेल चालतं, गॅरेजवाले वर्षानुवर्षं तेच वापरत आलेत. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळूनही चांगलं भेदक तेल होतं, फक्त ते पेटतं, रंग उडवतं आणि रबर खराब करतं, म्हणून ब्रेकच्या आसपास नको. तसं कोणतंच तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर उडू देऊ नका. आधी चिंधी लावा, नंतर ब्रेक क्लीनरने पुसा.

तेल मारून लगेच पाना लावला तर उपयोग शून्य. तेल मारा, हातोडीने डोक्यावर सरळ, मध्यम जोराचे दहा-पंधरा ठोके द्या, आणि जा. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत उतरतं. तासाभराने पुन्हा तेच. शक्य असेल तर रात्रभर सोडा. रविवारी सकाळी काम करायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी तेल मारून ठेवा, हे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो आणि प्रत्येक जण ते रविवारी सकाळी मारतो.

ओढतानाही एकदम सोडायला जाऊ नका. आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा, मग सोडा, मग पुन्हा थोडा आवळा. गंजाची पकड बऱ्याचदा आवळायच्या दिशेने आधी सुटते. सुटताना ‘कट्’ असा स्वच्छ आवाज आला तर छान. आवाज नाही, पण दांडा रबर पिळल्यासारखा मऊ फिरतोय, तर थांबा: बोल्ट सुटत नाहीये, पिळवटतोय, आणि पुढच्या पाव फेऱ्यात तुटेल. हा फरक वाचून कळत नाही, हाताला कळतो. म्हणून पान्याला लांब पाईप लावून ओढायची घाई नको. पाईप लावला की हाताला काही कळतच नाही.

डोकं गोल झालंय, आता पकडायचं कसं

आता लहान गोटी ठोकायची वेळ. डोक्यापेक्षा थोडी लहान गोटी घ्या आणि हातोडीने ठोकून बसवा, म्हणजे ती झिजलेल्या कोपऱ्यांत स्वतःच्या खाचा पाडते. इथे मात्र बारा कोपऱ्यांची गोटी चांगली, कारण तिची बारा टोकं लवकर रुततात. इंची गोट्या या कामाला फार सोयीच्या. १० च्या डोक्याला ३/८ इंची, म्हणजे ९.५ मिलिमीटर. १३ ला १/२ इंची. १४ ला सरळ १३ ची. १९ ला १८ ची. ठोकताना बोल्ट ज्या भागात आहे तो पातळ ॲल्युमिनियमचा नाही ना, हे बघा, कारण ऑईल पॅनला मागून आधार नसतो. आणि गोटी जुनी वापरा. बोल्ट निघाल्यावर ती आतून चोपणीने ठोकून बाहेर काढावी लागते आणि नंतर ती पहिल्यासारखी राहत नाही.

पुढचा पर्याय वाइस ग्रिप. डोकं बाहेर उघडं असेल आणि जबडा बसायला जागा असेल तर ग्रिप फार उपयोगी, अट एकच: स्क्रू इतका आवळायचा की हँडल बंद करताना तळहाताला जोर लागला पाहिजे. सैल लावलेली ग्रिप कोपरे आणखी खरवडते. त्याआधी कानसीने डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट केल्या तर ग्रिपच काय, साधा लहान पानाही बसतो. उदाहरणार्थ १४ चं डोकं कानसीने १२ पर्यंत उतरवायचं. वेळ लागतो, मनगट दुखतं, पण हत्याराला पैसे पडत नाहीत.

पैसे घालायचेच असतील तर आतून पीळ असलेल्या एक्स्ट्रॅक्टर गोट्यांचा सेट घ्या. त्यांच्या आतल्या धारा उलट्या पिळाच्या असतात, त्यामुळे सोडायला जोर लावाल तितक्या त्या डोक्यात रुतत जातात. गोल झालेल्या डोक्यावर माझा पहिला भरवसा याच गोट्यांवर. ठोकून बसवायच्या, रॅचेट (एकाच दिशेला पकडणारा दांडा) न लावता साध्या लांब दांड्याने एकसारखा, न धक्का देता जोर लावायचा. रॅचेटचे आतले दात अशा कामाला केलेले नसतात.

हेही जमलं नाही तर छिन्नी. डोक्याच्या कडेवर, केंद्रापासून शक्य तितकं लांब, छिन्नीने आधी सरळ एक खाच पाडा. मग छिन्नी तिरकी करून त्या खाचेत उलट दिशेला ठोके द्या. सायलेन्सरच्या क्लॅम्पवर, चेसिसवर हे चालतं. ब्रेक कॅलिपर, इंजिन, गिअरबॉक्स इथे नको. एक ठोका चुकला तर ओतीव भागाला तडा जातो आणि मग बोल्टची गोष्ट बाजूलाच राहते.

ताप देणं

गरम करण्यामागचा हिशोब लक्षात आला की ज्योत कुठे लावायची ते आपोआप कळतं. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये अडकला असेल तर भोवतालचा भाग तापवा: भोक मोठं होतं आणि बोल्ट त्यामानाने कमी फुगतो. दोन्ही पोलादी असतील तर बोल्टचं डोकं तापवा. तो फुगून गंज चेपतो आणि थंड होताना आकसतो, तेवढ्यात फट पडते. त्या फटीत मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि थंड झाल्यावरही तिथेच राहतं. स्वयंपाकघरातल्या सामानाने होणारी ही युक्ती महागड्या स्प्रेपेक्षा सरस ठरलेली मी पाहिली आहे, फक्त तेल मारलेल्या बोल्टला ज्योत दाखवण्याआधी तेल पुसून घ्या.

ज्योत कुठे लावायची नाही ती यादी मोठी आहे: पेट्रोलची नळी, टाकी, ब्रेकची रबरी नळी, शॉक ॲब्सॉर्बर, बेअरिंग, वायरिंग, रबरी बुश. तिथे हीट गनने काय होईल तेवढंच. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर तर ज्योत कधीच नको. काही क्लीनरमध्ये क्लोरिनयुक्त द्रव असतो आणि तो तापला की फॉस्जीनसारखा जीवघेणा वायू तयार होतो.

बोल्टला कारखान्यात लॉकिंग द्रव (आटे चिकटवून ठेवणारा) लावलेला असेल तरीही तापच कामी येतो. लाल रंगाचा पक्का लॉकर साधारण २५० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो, त्याखाली तो जोरालाच जुमानत नाही.

या टप्प्यावर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जायची लाज बाळगू नका. गोल झालेल्या डोक्यावर किंवा बाहेर डोकावणाऱ्या तुटक्या दांड्यावर नट ठेवून, नटाच्या भोकातून वेल्डिंग भरलं की नवं कोरं षटकोनी डोकं मिळतं. वर वेल्डिंगच्या तापाने गंजही सुटतो. माझ्या मते अडकलेल्या बोल्टवर याहून खात्रीचा उपाय नाही, आणि कामही पाच मिनिटांचं असतं. फक्त गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा आणि अर्थिंगचा चिमटा बोल्टच्या शेजारी लावायला सांगा, नाहीतर करंट बेअरिंगमधून किंवा कंप्युटरमधून जायचा रस्ता शोधतो.

ॲलन, टॉर्क्स आणि फुलीचे स्क्रू

डोक्याच्या आतला षटकोन झिजला की लोक मोठी ॲलन चावी शोधतात. त्यापेक्षा टॉर्क्सचा बिट ठोका. ५ च्या ॲलनला टी ३०, ६ ला टी ४०, ८ ला टी ५०. चांदणीची सहा टोकं झिजलेल्या भिंतीत घट्ट रुततात. ठोकण्याआधी भोकातली माती सुईने काढा, कारण खाली माती साठलेली असली की बिट अर्धाच जातो. बिट चांगल्या पोलादाचा हवा, नाहीतर तोच आत तुटेल.

ब्रेक डिस्कवर फुलीचे दोन स्क्रू असतात, होंडात हमखास. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने ते सुटत नाहीत, फुली मात्र जाते. त्यांना ठोक्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो: मागून हातोडी मारली की टोक आत दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं. फुली गेलेलीच असेल तर ८ मिलिमीटरच्या ड्रिलने डोकं उडवून द्या. त्या स्क्रूंचं काम जुळणी करताना डिस्क जागेवर धरणं एवढंच. चाक बसलं की डिस्कला चाकाचे बोल्टच दाबून धरतात.

फिरतोय, पण निघत नाही

आटे गेलेला बोल्ट फिरतो आणि तिथल्या तिथे राहतो, कारण त्याला बाहेर ढकलणारं काही उरलेलं नसतं. ते काम आपण करायचं. डोक्याखाली स्क्रू-ड्रायव्हर घालून बाहेरच्या बाजूला ताण द्या आणि दुसऱ्या हाताने बोल्ट फिरवा. उरलेल्या एखाद-दुसऱ्या आट्याला पकड मिळते आणि तो हळूहळू वर येतो.

ऑईलच्या ड्रेन बोल्टचं दुखणं बहुतेक वेळा हेच. आधीच्या सर्व्हिसला कुणीतरी तो इम्पॅक्ट गनने आवळलेला असतो आणि त्याची किंमत आपण देतो. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत या बोल्टला साधारण ३५ न्यूटन-मीटरच लागतात, म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १८ किलोच्या आसपास जोर. एका हाताने सहज होतं तेवढं. डोकं गोल झालं असेल तर इंजिन पाच-सात मिनिटं चालवून पॅन कोमट करा, ज्योत नको, आणि वर सांगितलेली लहान गोटी हलक्या ठोक्यांनी बसवा. तरी सुटला नाही आणि गाडी आजच हवी असेल, तर डिपस्टिकच्या नळीतून पंपाने तेल ओढून काढता येतं. तेवढ्याने ही सर्व्हिस निभावते आणि बोल्टसाठी निवांत दिवस मिळतो.

पॅनचे आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट परत ठोसू नका. टेपचे तुकडे तेलात जातात आणि बोल्ट एक दिवस रस्त्यावर गळून पडतो. मोठ्या मापाचा स्वतःच आटे पाडणारा बोल्ट मिळतो, तो तात्पुरता ठीक. कायमचा उपाय हेलिकॉईल: भोक ठरलेल्या मापाने मोठं करायचं, खास टॅपने नवे आटे पाडायचे आणि त्यात स्टेनलेस तारेची गुंडाळी बसवायची. मूळ बोल्ट त्याच मापाचा राहतो. ॲल्युमिनियममध्ये हे आटे मूळच्यांपेक्षा मजबूत ठरतात. पॅन काढून लेथवाल्याकडे नेलात तर उत्तम, कारण जागेवर केलं तर चिप्स आत पडतात.

डोकं तुटलं तर

तुटल्यावर घाबरून लगेच ड्रिल उचलू नका. वरचा भाग आधी काढून टाका. कॅलिपर ब्रॅकेट, वॉटर पंप, आल्टरनेटर असा सुटा होणारा भाग असेल तर तो ओढून काढल्यावर दांड्याचा काही भाग बाहेर उरतो, आणि डोक्याचा दाब गेल्यामुळे तो कित्येकदा वाइस ग्रिपने, क्वचित बोटांनीही फिरतो. याच कारणासाठी गोल झालेलं डोकं मुद्दाम ड्रिलने उडवणं हाही एक शहाणा उपाय आहे.

दांडा पृष्ठभागाच्या आत तुटला असेल तर मात्र ड्रिलच. एम ८ चा बोल्ट धरून सांगतो.

१. तुटका पृष्ठभाग ओबडधोबड असतो. बारीक कानसीने किंवा ग्राइंडिंग पॉइंटने तो सपाट करा.

२. सेंटर पंचने मध्यावर खूण करा. चारही बाजूंनी बघा, मध्य चुकला असेल तर आत्ताच तिरका पंच मारून सरकवा. सगळं काम या खुणेवर आहे. भोक मध्यापासून हललं की ड्रिल कठीण पोलाद सोडून बाजूच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं आणि परतीचा रस्ता बंद होतो.

३. ३ मिलिमीटरच्या कोबाल्ट बिटने, मंद गतीने, तेल टाकत सरळ भोक पाडा. हातमोजे काढा, फिरत्या बिटमध्ये मोज्याचा धागा अडकला तर बोट जातं. उलट्या पिळाचे बिट मिळाले तर तेच घ्या आणि ड्रिल उलट फिरवा. निम्म्या वेळा पुढची पायरी येतच नाही, बिटच दांड्याला धरून बाहेर घेऊन येतो.

४. भोक ४.५ ते ५ मिलिमीटर करा. आता ईझी-आऊट लावायचा तर सरळ धारांचा लावा. शंकूसारखा पिळाचा ईझी-आऊट दांडा आतून फुगवतो आणि तो आणखी आवळला जातो. हाताच्या टॅप-हँडलने, दोन्ही बाजूंना सारखा जोर देत फिरवा. जोर वाढवूनही हलत नसेल तर सोडून द्या.

५. नाहीच हलला तर पायरी-पायरीने ६.८ मिलिमीटरपर्यंत भोक वाढवा. एम ८ च्या नेहमीच्या १.२५ पिचच्या आट्यांसाठी टॅपआधी मारायचं भोकही तेवढंच असतं. मध्य बरोबर असेल तर आता आट्यांमध्ये फक्त तारेएवढी गुंडाळी उरते. टोकदार सुईने तिचं तोंड उचला आणि चिमट्याने ओढून काढा, मग टॅप फिरवून आटे साफ करा. एम ६ ला हे भोक ५ मिलिमीटर, एम १० च्या १.२५ पिचला ८.८.

आत तुटलेला ईझी-आऊट किंवा टॅप ड्रिलपेक्षा कठीण असतो. तो काढायला स्पार्क इरोजन मशीन, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं यंत्र, लागतं, डाय बनवणाऱ्यांकडे ते असतं, पण त्यासाठी तो भाग गाडीतून सोडवून न्यावा लागतो. इंजिन हेडमधले एक्झॉस्टचे स्टड आणि ॲल्युमिनियम हेडमध्ये अडकलेले स्पार्क प्लग मी नवशिक्याला हात लावू देणार नाही. तिथे पहिल्याच शंकेला जाणत्या मेकॅनिकला बोलवा. कॅलिपरमध्ये तुटलेल्या बोल्टवरही स्वतः ड्रिल मारण्यापेक्षा नवं ब्रॅकेट किंवा गाइड पिनचा सेट परवडतो. आणि कॅलिपर उघडा राहिला तर तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा.

नवा बोल्ट बसवताना

निघालेला बोल्ट परत वापरायचा नाही, तो गोल झाला असो वा नसो. नवा आणताना जुना खिशात घेऊन जा आणि तीन गोष्टी जुळवा: जाडी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) आणि डोक्यावरचा आकडा. गाडीतल्या बोल्टवर सहसा ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं. पहिला आकडा शंभरने गुणला की बोल्ट किती मेगापास्कलला तुटेल ते कळतं, म्हणजे ८०० किंवा १०००. हार्डवेअरच्या दुकानात जाळीच्या दरवाजासाठी ठेवलेला चमकता बोल्ट बहुधा ४.६ किंवा ४.८ चा असतो, दिसायला तोच आणि ताकदीला निम्मा. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनला कंपनीचाच पार्ट घ्या.

पिचमध्ये सगळ्यात जास्त गफलत चाकाच्या नटांची होते. मारुतीचे स्टड एम १२, पिच १.२५. ह्युंदाई, होंडा, टोयोटाचे एम १२, पिच १.५. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे हाताने जातो, मग अडतो, आणि टायरवाला गन लावून तो पुढे ढकलतो. स्टड तिथेच संपला. कोणताही बोल्ट किंवा नट पहिले तीन-चार फेरे बोटांनीच गेला पाहिजे. अडला तर काढा, आटे ब्रशने साफ करा, पुन्हा लावा.

सायलेन्सर, हीट शील्ड अशा तापणाऱ्या जागी आट्यांना कॉपर ग्रीस लावा, पुढच्या वेळी दुवा द्याल. पण ग्रीस लागलं की घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला (आवळायच्या पिळाला) बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून मॅन्युअलमध्ये टॉर्क कोरड्या आट्यांसाठी दिला असेल तर तो थोडा कमी ठेवा, आणि चाकाच्या नटांना ग्रीस किंवा तेल लावूच नका. ढोबळ अंदाज हवा असेल तर ८.८ च्या बोल्टला एम ६ साठी १० न्यूटन-मीटर, एम ८ साठी २५, एम १० साठी ५० च्या आत-बाहेर. जिथे मॅन्युअलमध्ये आकडा दिला आहे तिथे तोच खरा.

टॉर्क रेंच नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा, विशेषतः चाकासाठी. चाक उतरवलं असेल तर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर नट थंड असताना पुन्हा एकदा टॉर्क तपासून घ्या.